दुसऱ्या रिमोटची वायर

१

रविवारी सकाळी मी कॅसेट पुसतो. गाण्यांच्या नव्हे, व्हिडिओ गेमच्या. आमच्या लहानपणी त्या प्लास्टिकच्या चपट्या डब्यांना सगळे कॅसेटच म्हणायचे, आणि माझ्या तोंडून अजून दुसरा शब्द निघत नाही. कॅसेट उघडायची, आतल्या पट्टीच्या पितळी दातांवरून स्पिरिटमध्ये बुडवलेली कापसाची काडी फिरवायची, काडी काळी झाली की दुसरी घ्यायची. गेम लागला नाही की आम्ही पोरं त्यात जोरात फुंकर मारायचो. त्या फुंकरीनेच दातांना गंज चढायचा, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

आठवडाभर मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. रविवार या खोलीचा. स्वयंपाकघराच्या मागे ही छोटी खोली आहे, तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर कॅसेट आणि मधे एक जुना, पोट सुटलेला टीव्ही. पाहुणे आले की बायको या खोलीला ‘ह्यांचं म्युझियम’ म्हणते आणि पाहुणे गेले की भंगार म्हणते. नवा सपाट टीव्ही इथे चालत नाही. त्यावर बटण दाबल्यावर गेममधला माणूस पापणी लवण्याइतका उशिरा उडी मारतो. जुन्या गेमची खरी परीक्षा चित्रांत नसतेच. दाबलं की हललं पाहिजे, मधे काही नको. आणि दुसरं म्हणजे गेमने फसवू नये. खड्डा असेल तर तो दिसला पाहिजे. दिसूनही पडलास तर चूक तुझी. या दोन कसोट्यांवर माझ्या फळीवरचे अर्धे नावाजलेले गेम मी नापास केले आहेत आणि त्यावरून बऱ्याच लोकांशी भांडलोही आहे.

आमची मुलगी सहा वर्षांची. पुढचे दोन दात मोठे आणि एका जागी ठरणं माहीत नाही, म्हणून तिला सगळे खारूताई म्हणतात. जेवताना ती खुर्चीभोवती फिरून घास घेते. आई असताना म्हणायची, “बापावर गेलीय. तुझ्याही पायाला अशीच भिंगरी होती. मग एका सुट्टीत काय झालं कोण जाणे, एकदम शहाणा झालास.” मला ती भिंगरी आठवत नाही. मी तासन्‌तास एका जागी बसू शकतो. फक्त डावा पाय हलत असतो, एकसारखा वर-खाली, आणि बायको टेबलाखालून त्यावर आपला पाय ठेवून तो थांबवते.

२

दादा, माझा मोठा भाऊ, जुनी जागा सोडून लहान जागेत गेला तेव्हा मी सामान बांधायला गेलो होतो. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेला माणूस. घरात सामानापेक्षा शिट्ट्याच जास्त. माळ्यावरून मी खोके खाली देत होतो. शेवटच्या खोक्यात जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक कॅसेट निघाली. कागद कधीच निघून गेलेला, नुसतं करडं प्लास्टिक. हातात घेताच मला कळलं.

“जिन्याचा गेम,” मी म्हटलं. “अरे, ही तर खराब झाली म्हणाला होतास ना?”

 दादाने हात पुढे केला. “ती राहू दे.”

“राहू दे काय? किती वर्षं शोधतोय मी.”

ते खरं होतं. जगभरचे संग्राहक या गेमचं वर्णन ऐकून मान हलवायचे. कुणालाच तो माहीत नव्हता. मोठं थोरलं घर, रिकाम्या खोल्या, आणि दोन चिमुकली माणसं. लाल दादाचा, हिरवा माझा. दुसऱ्या सगळ्या कॅसेट मी याच्या शोधात जमवल्या असं म्हटलं तरी चालेल. काहीतरी कुठेतरी राहून गेलंय असं मला सतत वाटायचं, आणि ते हेच असणार असं मी ठरवून टाकलं होतं.

यातला विनोद असा की मी तो गेम कधी खेळलोच नव्हतो. दादाने मला दिलेल्या रिमोटची वायर लावलेलीच नसायची. घरोघरचे थोरले हीच लबाडी करतात. धाकट्याच्या हातात नुसता रिमोट द्यायचा, म्हणजे तो गप्प बसतो आणि डाव बिघडवत नाही. माझी वायर सोफ्याखाली गुंडाळून पडलेली असायची आणि मी जीव तोडून बटणं दाबत असायचो. आमच्या घरात अजून कुणी उगाच धडपड करताना दिसला की म्हणतात, “याची वायर लावलीय का बघा.”

आणि दादा खेळायचाही भित्रा. दोन-चार खोल्यांपलीकडे जायचा नाही, जिना दिसला की मागे फिरायचा. आई जेवायला हाका मारून थकायची, तरी दोघा माणसांना पहिल्या खोलीत परत आणल्याशिवाय गेम बंद करायचा नाही. “थांब गं, याला घरी सोडून येतो,” म्हणायचा. यावरून मी त्याला मोठेपणी फार चिडवलं आहे.

“ने,” दादा शेवटी म्हणाला. “तुझीच आहे ती. पण एकट्याने खेळ. पोरीला घेऊन बसू नकोस.”

पडद्यासमोर मुलं बसवू नयेत, असं त्याचं मत शाळेपासूनचं. मी हो म्हटलं आणि कॅसेट खिशात घातली.

३

एकट्याने खेळताच येईना. पहिल्या खोलीत लाल माणूस तेवढा उभा होता. समोर दार, दारापाशी एक पिवळी फरशी. नियम मला आठवत होता: एकाने फरशीवर उभं राहायचं की दार उघडतं, दुसऱ्याने पलीकडे जायचं, तिथल्या फरशीवर उभं राहायचं आणि पहिल्याला आत घ्यायचं. लाल पुढे, हिरवा मागे. पण हिरवा नव्हताच.

मी दुसरा रिमोट लावून पाहिला. काही नाही. दुसऱ्या कॅसेटवर तोच रिमोट ठणठणीत चालत होता. दात पुन्हा पुसले, पट्टी भिंगाखाली धरून पाहिली, कुठे काही तुटलेलं नव्हतं. शेवटी मी वायर काढून टाकली आणि लालला नुसताच खोलीत इकडेतिकडे पळवत बसलो. तेवढ्यानेही समाधान झालं. दाबलं की हलत होता. इतका चोख गेम माझ्या फळीवर दुसरा नाही.

मग खारूताई आली, फळीवर चढली, उतरली आणि रिमोट हवा म्हणून हट्ट धरून बसली. मला हसू आलं. घराण्याची रीत म्हणून मी तो दुसरा रिमोट तिच्या हातात दिला. वायर टेबलाखाली पडली होती.

“मी कोण?” तिने विचारलं.

“तू हिरवी.”

पडद्याच्या कडेने हिरवा माणूस चालत आत आला.

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. वायरचं टोक माझ्या चपलेजवळ होतं. मी पुन्हा खुर्चीत बसलो आणि डोकं चालवलं, कारण या खोलीत डोकं चालवणं हाच माझा धंदा आहे. सोपं होतं. या कॅसेटमध्ये दुसरा माणूस आपोआप चालायची सोय असणार. म्हणूनच तर लहानपणी मला लबाडी कळली नव्हती; हिरवा स्वतःच चालत होता आणि मला वाटायचं मीच चालवतोय. एकटा असताना तो का आला नाही, याचं उत्तर मात्र मला सापडलं नाही. जुन्या वस्तू लहरी असतात, एवढंच मी स्वतःला सांगितलं.

४

पुढचे रविवार सुखाचे गेले. खारूताई बसू लागली. मांडी घालून, हात मांडीवर, नजर पडद्यावर.

“चला, भंगाराचा एकदाचा उपयोग झाला,” बायको दारात उभी राहून म्हणाली. “वेणी घालते हिची. एरवी हिच्यामागे घरभर धावावं लागतं.” तिने तिथेच बसून वेणी घातली आणि खारूताईने मानसुद्धा हलवली नाही.

हिरवा छान चालत होता. लालच्या मागे एका पावलाच्या अंतरावर. त्याच्या पावलांचा टकटक आवाज लालच्या आवाजापेक्षा जरा खालचा. मला त्या आवाजाची सवय झाली, खोलीबाहेर गेलो तरी तो कानात राहायचा. एकदा सहज माझी नजर तिच्या हातांवर गेली. अंगठे बटणांपासून दूर होते.

“अगं, दाबत नाहीस?”

“मला दाबावं लागत नाही, बाबा. तू चाललास की मी चालते.”

त्याच दिवशी दारावरची घंटा वाजली. मी गेम थांबवून ठेवला आणि बाहेर गेलो. पाण्याची टाकी धुणारा आला होता. त्याच्याशी बोलण्यात बराच वेळ गेला. परत आलो तर बायको दुधाचा पेला घेऊन खारूताईसमोर वाकली होती.

“केव्हाची हाका मारतेय. बघ जरा हिच्याकडे.”

खारूताईचा उजवा हात हवेत होता. नाक खाजवायला वर नेलेला आणि तिथेच राहिलेला. डोळे उघडे. पडद्यावर हिरवा एक पाय उचलून थांबला होता, आम्ही थांबवलेल्या जागी. मी रिमोट उचलला आणि बटण दाबलं. हिरव्याने पाऊल टाकलं. खारूताईने नाक खाजवलं आणि म्हणाली, “साखर घातलीस ना?”

“खेळात रमली की मुलं अशीच,” मी म्हटलं.

बायको हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. “बंद कर ते,” म्हणाली.

मला भीती वाटली. हे उगाच फिरवून सांगण्यात अर्थ नाही. पण भीतीतही माझा हात बंद करायच्या बटणाकडे गेला नाही. मला दादाचा आवाज ऐकू आला, याला घरी सोडून येतो, आणि लहानपणापासून पहिल्यांदाच तो मला विनोदी वाटला नाही.

“पहिल्या खोलीत नेतो आणि बंद करतो,” मी म्हटलं. “कायमचं.”

आम्ही बरेच पुढे आलो होतो, जिन्याच्या तोंडापाशी. मी लालला मागे वळवलं. हिरवा वळला. एक दार ओलांडलं, दुसऱ्या दारात लाल पलीकडे गेला, हिरवा अजून अलीकडे होता, आणि वीज गेली.

५

वीज तासाभरात आली. खारूताई आली नाही.

ती होती. हात धरला की चालायची, घास दिला की चावायची, विचारलं तर “हो” म्हणायची. खुर्चीत बसवलं तर बसून राहायची. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते आणि ते हलतही नव्हते. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड मारून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली, ताप नाही, काही नाही. “दमली असेल. शांत स्वभावाची आहे का?” त्यांनी विचारलं. बायको तिथेच रडू लागली.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, “माझी पोरगी कुठे आहे?” ओरडून नाही, हळूच. त्या खोलीत पाय ठेवायलाही ती तयार नव्हती.

मी एकटाच गेलो आणि गेम लावला. पहिल्या खोलीत लाल उभा. हिरवा नाही. पण दार उघडं होतं, त्यापलीकडचंही उघडं होतं. एवढ्या वर्षांत मी ती दारं आपोआप उघडी पाहिली नव्हती. रिकाम्या खोल्यांतून मी थेट जिन्यापर्यंत गेलो. खालून पावलांचा आवाज येत होता, टक, टक, जरा खालचा, आणि तो लांब जात होता.

मी दादाला फोन केला. सगळं सांगायची गरज पडली नाही.

“हिरवा खाली गेलाय का?”

“हो.”

“मी निघालो. बंद करू नकोस.”

६

दादा आला तेव्हा अजून ऊन होतं. चप्पल न काढताच तो खोलीत शिरला. खारूताईला त्याने उचलून माझ्या शेजारी बसवलं, तिच्या हातात दुसरा रिमोट दिला आणि स्वतः टीव्हीकडे पाठ करून जमिनीवर बसला.

“तू खेळ. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी बघणार नाही.”

“तू खाली गेला होतास?”

“एकदा. आईने मेन स्विच बंद केला होता, पंखा पुसायला. तेव्हा.”

“मग?”

“आधी जा. पोरगी वाट बघतेय.”

मी लालला जिना उतरायला लावलं. प्रत्येक पायरी मागे विरत होती. वर पाहिलं तर नुसता काळोख. खाली खोल्या होत्या, वरच्यासारख्याच, पण फर्निचर होतं. कपाट, सोफा, भिंतीवर घड्याळ. ठिपक्यांचंच सगळं, तरी तो सोफा मला ओळखीचा वाटला. मी पाहायला थांबलो नाही. खड्डे होते आणि ते दिसत होते. तेवढ्यावर माझी भिस्त होती.

एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हिरवा उभा होता. मी लालला त्याच्याशेजारी नेलं. हिरवा वळला. माझ्या शेजारी खारूताईने दीर्घ श्वास घेतला, दुपारपासून मी ऐकलेला पहिला.

“सापडली,” मी म्हटलं.

“दार शोध,” दादा म्हणाला. “घड्याळाच्या पुढे.”

दार होतं. त्यापलीकडे पहिली खोली दिसत होती, आमची सुरुवातीची. दारापाशी पिवळी फरशी होती. पलीकडे मात्र फरशी नव्हती. जो फरशीवर उभा राहील त्याला आत घ्यायला कुणी काही करू शकणार नव्हतं. दोघांनी आत यायचं आणि एकानेच बाहेर पडायचं. खड्डा दाखवणारा हा चोख गेम शेवटच्या दाराशी फसवत होता.

पण दार उघडं होतं. फरशीवर कुणीतरी उभं होतं.

तो हिरवा होता. खारूताईच्या हिरव्याएवढाच, तसाच. पाठमोरा. जुन्या गेममध्ये माणसाला बराच वेळ हलवलं नाही की तो उभ्या उभ्या काहीतरी चाळा करतो, कुणी डोकं खाजवतं, कुणी जांभई देतं. हा डावा पाय उचलत होता आणि खाली टेकवत होता. वर, खाली. एकसारखा.

टेबलाखाली माझा पाय त्याच ठेक्यात हलत होता. मी तो थांबवायचा प्रयत्न केला. थांबला नाही.

“दादा,” मी म्हटलं, “हा कोण आहे?”

“पोरीला बाहेर काढ.”

“दादा.”

“लाल बाहेर असल्याशिवाय हिरव्याला वाट सापडत नाही रे,” दादा म्हणाला. “मला वाटलं, तुला फरशीवर उभा करून वर जातो आणि लगेच परत येतो. वर आलो, तर तू माझ्याकडे पाहून म्हणालास, भूक लागली. आईकडे गेलास. जेवलास. मला वाटलं, झालं. मग नंतर पुन्हा लावला, तर हिरवा येईचना.”

खारूताईचा हिरवा लालच्या मागे उभा होता, एका पावलावर. मी विचार केला नाही. असं म्हणतो, पण केला. एक क्षणभर केला, की फरशीवर लाल उभा राहिला तर तो सुटेल का. मग मी लालला दारातून नेलं आणि मागून माझी पोरगी आली, टक, टक. दाबलं की हलत होती, मधे काही नव्हतं.

दार बंद होताना फरशीवरच्या त्याने मान वळवली. तोंड नव्हतं, चार ठिपके होते. पाय मात्र हलायचा थांबला होता.

मी गेम बंद केला.

“काका, तुम्ही चप्पल घालून आलात,” खारूताई म्हणाली. ती उठली, दादाच्या खांद्यावरून उडी मारून बाहेर पळाली, आणि स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, हसण्याचा की रडण्याचा ते कळलं नाही. घरभर धावणारी पावलं वाजू लागली.

मी कॅसेट बाहेर काढली. हातात ती कोमट होती. माझा पाय जमिनीवर निवांत टेकलेला होता आणि मी त्याच्याकडे पाहत बसलो. त्याला हलवावं असं मला वाटत होतं.

“एवढी वर्षं माळ्यावर कशाला ठेवलीस?” मी दादाला विचारलं. “फेकून का नाही दिलीस?”

दादाने टॉवेल मागितला. कॅसेट त्यात गुंडाळली, नीट, लहान मुलाला गुंडाळतात तशी, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “तू होतास ना त्यात.”

मग तो उठला आणि चपला काढून दाराबाहेर ठेवून आला.